बारशाआधी आत्यानं करायची चौकशी

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात मी सहा भाचरांच्या कानात ‘कुर्रर्र’ केलंय आणि सहाही वेळा पाठीत धपाटे खाल्लेत. त्यातलं एक नाव फसलं. भावानं फोनवर दाखवलं होतं: आरव, अर्थ ‘शांत’. बारशाच्या घुगऱ्या संपायच्या आत शेजारच्या संस्कृतच्या मास्तरांनी कोश उघडून पुढ्यात ठेवला. रव म्हणजे आवाज, आरव म्हणजे ओरडा, गलका. पोरगं नावाला जागलंय, हा भाग वेगळा.

म्हणून आता कुणी यादी घेऊन आलं की मी आधी अर्थ विचारतच नाही. नाव कुठल्या भाषेतलं, ते विचारते. कियारा घ्या. इटालियनमध्ये ते लॅटिन ‘क्लारा’वरून आलं, म्हणजे उजळ. आयरिशमध्ये जवळपास तसंच ऐकू येणारं नाव आहे, त्याचा अर्थ काळीसावळी. दोन्ही गोड, पण एकीचा अर्थ दुसरीला चिकटवू नका. आणि ‘आपल्याच भाषेतलं हवं’ असा हट्ट धरणाऱ्यांनी आपल्या घरातले गुलाबराव आठवावेत. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. शब्द अस्सल फारसी.

मग नावाची फोड करा. रामदास आणि अब्दुल्ला यांची घडण एकच, देवाचा सेवक. नुसतं ‘अब्दुल’ म्हटलं तर सेवक कुणाचा, ते सांगायचं राहूनच जातं. मिरजेच्या मैत्रिणीचा नातू योहान. मूळ हिब्रू, ‘देव कृपाळू आहे’. तेच इंग्रजीत जॉन, रशियनमध्ये इव्हान. घानात अकान लोक वारावरून नाव ठेवतात. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस राहिलेले कोफी अन्नान शुक्रवारचे. आपल्याकडचे सोमा आणि बुधाजी तरी दुसरं काय?

जुनी नावं वाचताना मात्र जपून. दगडू, धोंडू, केरबा ऐकून नाक मुरडू नका. आधीची लेकरं दगावलेली असायची. या पोरावर कुणाची नजर पडू नये, देवानंही ‘हा नकोच’ म्हणून सोडून द्यावं, म्हणून आई ते नाव ठेवायची. त्यात मायाच होती. ‘नकुशी’त ती नाही. मुलगा हवा होता, मुलगी झाली, एवढंच ते नाव सांगतं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये 285 मुलींची असली नावं समारंभ करून बदलली. कित्येकींनी आपलं नवं नाव स्वतः निवडलं.

चरणाक्षराचं, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणाऱ्या नावाच्या पहिल्या अक्षराचं, फार मनावर घेऊ नका. रोहिणीला ओ, वा, वी, वू येतात आणि ‘ओ’वर माणसं रडकुंडीला येतात. ते जन्मनाव पत्रिकेत राहू द्या, हाकेचं वेगळं ठेवा.

हाक मारून बघाच. माडीवरून, अंगणातल्या पोराला, दोनदा. जीभ अडखळली किंवा शेजारचं दुसरंच पोर धावत आलं, तर यादीतलं पुढचं नाव घ्या.

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्यासाठी नाव ठरलेलंच हवं असं नाही. नोंदणीपासून 12 महिन्यांत ते फुकट घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. आमच्या धाकट्या भाचीचं नाव अकराव्या महिन्यात दाखल्यावर चढलं. तोवर ती घरात चिमीच होती. अजूनही आहे.