लाडका मुका जीव गेल्यानंतर : दुःख आणि अपराधीपणाची टोचणी यांना सामोरे कसे जावे

घरातले कुत्रे किंवा मांजर गेले, दावणीचा बैल गेला, की दुःखाबरोबरच मनात एक हिशेब सुरू होतो. कालच दवाखान्यात नेले असते तर, फाटकाची कडी लावली असती तर, त्या शेवटच्या इंजेक्शनला होकार दिला नसता तर. माणूस गेल्यावरही असे विचार येतात. परंतु जनावराच्या बाबतीत ते अधिक बोचतात, कारण त्याचे खाणेपिणे, औषधपाणी आणि पुष्कळदा मरणाची वेळसुद्धा आपल्याच हातात होती, आणि कुठे दुखते हे त्याला सांगता येत नव्हते. त्यातच आपल्याकडे सातारा-सांगली भागात ‘मुक्या जीवाचा तळतळाट लागतो’ हे वाक्य लहानपणापासून कानांवर पडलेले असते. दुःख काळाबरोबर निवळते. न तपासलेला अपराधीपणा मात्र वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो, म्हणून येथे भर त्यावरच अधिक आहे.

पहिल्या दिवसाची कामे

मृत्यूचे कारण कळलेले नसेल आणि ‘नेमके काय झाले’ हा प्रश्न पुढे छळेल असे वाटत असेल, तर पुरण्यापूर्वीच शवविच्छेदनाचा विचार करावा. नंतर ती संधी राहत नाही. आपल्या पशुवैद्यकांना लगेच फोन करून विचारावे आणि तोपर्यंत देह सावलीत, बर्फाजवळ ठेवावा. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथेही चौकशी करता येईल. ‘आता कारण कळून काय उपयोग’ असे घरातले म्हणतील. पण ज्याला टोचणी लागली आहे त्याच्यासाठी खरे कारण कळणे हा मोठा आधार असतो, असे माझे ठाम मत आहे.

रेबीजचा थोडाही संशय असेल, म्हणजे वागण्यात अचानक बदल, लाळ गळणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली असतील, तर शोक क्षणभर बाजूला ठेवून घरातल्या प्रत्येकाची चौकशी करावी. लक्षणे दिसण्याआधीच्या दहा दिवसांत किंवा नंतर ज्याला त्या जनावराने चावले, ओरखडले किंवा ज्याच्या जखमेला त्याची लाळ लागली, त्याने त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. माणसात लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

देह पुरायचा असल्यास खड्डा निदान तीन-चार फूट खोल असावा आणि विहीर, बोअर, ओढा यांपासून दूर असावा. कृष्णाकाठच्या गावांत पूररेषेच्या आतली जागा टाळावी, नाहीतर पहिल्याच पुरात माती उघडी पडते आणि जखमही पुन्हा उघडते. देह प्लॅस्टिकमध्ये न बांधता सुती कापडात गुंडाळावा आणि वरून चुना टाकून माती घट्ट दाबावी. नदीत सोडणे योग्य नाही. ज्यांना स्वतःची जागा नाही, त्यांनी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे विचारणा करावी आणि शक्य असेल तर घरातल्या कोणीतरी शेवटपर्यंत सोबत जावे. शेवटचा निरोप न घेता देह दुसऱ्याच्या हवाली केल्याची खंतही पुढे बराच काळ राहते.

हिशेब कागदावर मांडा

डोक्यातला हिशेब कधीच संपत नाही, कारण त्यात आजची माहिती कालच्या निर्णयांत मिसळलेली असते. म्हणून तो कागदावर उतरवावा. आजारपणाच्या किंवा अपघाताच्या आधीच्या दिवसांची क्रमवार नोंद करावी आणि प्रत्येक दिवसापुढे दोनच गोष्टी लिहाव्यात: त्या दिवशी मला काय दिसत होते, आणि त्यावरून मी काय केले. नंतर कळलेले काहीही त्या रकान्यात येऊ द्यायचे नाही. ‘मंगळवारी त्याने अर्धी भाकरी ठेवली, उन्हाळा असल्याने भूक कमी झाली असेल असे वाटले, पाणी जास्त ठेवले’ ही नोंद खरी आहे. ‘मंगळवारीच त्याची किडनी गेली होती आणि मी दुर्लक्ष केले’ ही नोंद खरी नाही, कारण किडनीची गोष्ट शुक्रवारी रक्ततपासणीनंतर कळली. दवाखान्याची कागदपत्रे शेजारी ठेवावीत. दुःखात तारखा सरमिसळ होतात आणि ती सरमिसळ बहुधा आपल्याच विरुद्ध जाते.

या नोंदी घेऊन काही दिवसांनी पशुवैद्यकांना पुन्हा भेटावे आणि स्पष्ट विचारावे: ‘या दिवशी आणले असते तर काही फरक पडला असता का?’ हा प्रश्न विचारायला लोक घाबरतात, पण त्याचे उत्तर पुष्कळदा आपल्या भीतीपेक्षा सौम्य असते. मांजरांच्या दीर्घकालीन किडनीविकारात किडनीची सुमारे दोन-तृतीयांश क्षमता गेल्यानंतरच बाहेरून लक्षणे दिसू लागतात. कुत्र्यांच्या प्लीहेत वाढणारी एक कर्करोगाची गाठ अशी असते, की ती फुटून आत रक्तस्राव होईपर्यंत कुत्रे धडधाकट दिसते आणि मग काही तासांत कोसळते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या बाबतीत तर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येत असल्याने एखादा डोस झालेले पिल्लूही आजारी पडू शकते. म्हणूनच डोस चार महिन्यांच्या वयापर्यंत पुन्हापुन्हा देतात. शिवाय दुखणे लपवणे हा प्राण्यांचा स्वभावच आहे. त्यामुळे ‘मला कळले नाही’ याचा अर्थ ‘मी लक्ष दिले नाही’ असा होतोच असे नाही.

पैशांचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया करणे परवडले नाही, घरात त्याच महिन्यात मुलाची फी भरायची होती किंवा उसाचे बिल आले नव्हते, ही कारणे लाजेची नाहीत. घरातल्या सगळ्यांचा विचार करून घेतलेल्या निर्णयाचा अर्थ त्या जिवावर प्रेम नव्हते असा कोणी काढत असेल, तर तो चुकीचा आहे.

दयामरणाला होकार दिला असेल तर

ही टोचणी सर्वांत खोल जाते, म्हणून त्या दिवशी जे दिसले त्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. सामान्यतः आधी गुंगीचे औषध देतात आणि नंतर भूल देणारे औषध मोठ्या मात्रेत शिरेतून देतात. प्राणी प्रथम बेशुद्ध होतो, मग श्वास आणि हृदय थांबते. त्यानंतरही डोळे उघडे राहू शकतात, स्नायू फडफडतात, एखादा खोल श्वास घेतल्यासारखे वाटते, लघवी होते. हे पाहून ‘तो जिवंत होता, तो माझ्याकडे बघत होता’ असे अनेकांच्या मनात घर करून बसते. त्या हालचाली मृत शरीराच्या असतात. त्यांत जाणीव नसते, वेदना नसते. शंका राहिली असेल तर डॉक्टरांकडून तो सगळा क्रम पुन्हा समजावून घ्यावा.

‘आणखी चार दिवस मिळाले असते’ ही खंत असल्यास ते चार दिवस कसे गेले असते हे कागदावर लिहून पाहावे: तो उठू शकत होता का, खात होता का, वेदना औषधाने थांबत होती का. याच्या उलट, ‘खूप उशीर केला, उगाच हाल होऊ दिले’ असे वाटणारेही तितकेच भेटतात. एकाला घाई वाटते, दुसऱ्याला उशीर, कारण नेमकी योग्य घटका अशी कोणालाच दिसत नसते.

चूक खरोखरच झाली असेल तर

सगळ्याच अपराधीपणाला ‘तुझा काही दोष नाही’ असे म्हणून पुसता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. फाटक उघडे राहिले. लस द्यायची राहून गेली. ताप आला म्हणून मांजराला घरातली पॅरासिटॅमॉलची गोळी दिली गेली, जी मांजरासाठी विष असते. अशा वेळी खोट्या दिलाशाने माणूस अधिक एकटा पडतो. झाले ते एका सरळ वाक्यात, विश्वासाच्या एका माणसासमोर बोलावे: ‘मी फाटक लावायला विसरले आणि मोती रस्त्यावर गेला.’ त्या वाक्यात ‘मी खुनी आहे’ अशी भर घालू नये आणि त्यातून काही वगळूही नये. निष्काळजीपणा आणि क्रूरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला मारायचे होते त्याला झोप लागते; तुम्हाला लागत नाही.

त्यानंतर भरपाई करावी, आणि ती त्याच चुकीशी जोडलेली असावी. फाटकाला आपोआप बसणारी कडी लावणे, गल्लीतल्या चार घरांना पॅरासिटॅमॉलबद्दल सांगणे, वस्तीवरच्या कुत्र्यांच्या लसीकरणाला हातभार लावणे. स्वतःला उपाशी ठेवणे किंवा ‘आता मी पुन्हा कधीच जनावर पाळणार नाही’ अशी शपथ घेणे, ही केवळ शिक्षा झाली. तिचा कोणत्याही जिवाला उपयोग नाही.

सांगली-मिरजेकडच्या आणि नदीकाठच्या अनेक घरांत २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची टोचणी अजून शिल्लक आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, माणसांनाच बोटींत जागा अपुरी पडत होती, आणि गोठ्यातली दावी सोडायलाही कित्येकांना वेळ मिळाला नाही. ज्यांच्या मनात ते राहिले आहे त्यांनी स्वतःला आठवण करून द्यावी, की त्या रात्री पाण्याचा वेग कोणाच्याच अंदाजात बसत नव्हता. भरपाई म्हणून पुढच्या पावसाळ्याची तयारी करावी: पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे जाऊ लागताच, ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट न पाहता, जनावरे उंचावरच्या नातेवाइकांकडे हलवायची असे आधीच ठरवावे, आणि ती नेता येणारच नसतील तर दावी सोडायची जबाबदारी घरातल्या एकाकडे नावानिशी द्यावी.

लोकांचे बोलणे

‘जनावरच होते की, दुसरे आण’ असे म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नये. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्याने महाराजांना वाचवले, असे सांगतात. ज्या मातीत कृष्णा-वेण्णेच्या संगमावर कुत्र्याची समाधी बांधली गेली, तेथे कुत्र्यासाठी रडणाऱ्याने संकोच करण्याचे कारण नाही. मन असेल तर एखाद्या संध्याकाळी तेथे जाऊन यावे.

दुसरे एक वाक्य प्रेमाने म्हटले जाते आणि तरीही काट्यासारखे रुतते: ‘घरावरचे अरिष्ट त्याने अंगावर घेतले.’ काहींना यातून खरोखर दिलासा मिळतो, आणि त्यांचा तो काढून घेऊ नये. पण आधीच टोचणीने बेजार झालेला माणूस ते ‘तुझ्यामुळे गेला’ असे ऐकतो. म्हणून समाचाराला जाणाऱ्याने त्या प्राण्याचे नाव घ्यावे, त्याची एखादी खोड आठवावी आणि शांत बसावे. त्याहून अधिक बोलण्याची गरज नसते. दहाव्याला चार कुत्र्यांना भाकरी घालायची, घरी दिवा लावायचा की काहीच करायचे नाही, हे घरातल्यांनीच ठरवावे.

घरातली माणसे आणि मागे राहिलेले प्राणी

लहान मुलांना ‘तो झोपला’ किंवा ‘मामाच्या गावाला गेला’ असे सांगू नये. पहिल्या उत्तराने मूल झोपेला घाबरते, दुसऱ्याने ते वाट पाहत राहते. ‘त्याचे शरीर बंद पडले, तो मेला, आता परत येणार नाही’ असे सौम्य आवाजात सांगावे. शेपूट ओढल्यामुळे किंवा रागावल्यामुळे तो मेला, असे मुलांना वाटू शकते, म्हणून न विचारताही ‘तुझ्यामुळे झाले नाही’ हे सांगावे.

मुले पुण्या-मुंबईला आणि घरी एकटे आई किंवा वडील, असे चित्र आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सर्रास दिसते. तेथे कुत्रे हे दिवसभराच्या बोलण्याचे एकमेव निमित्त असते. त्याच्या जाण्याने त्यांचे उठणे, फिरायला जाणे, दोन वेळा चूल पेटवणे सारेच थांबते. अशा वेळी रोज ठरलेल्या वेळी फोन करावा आणि पहिल्या आठवड्यात शक्यतो कोणीतरी राहायला जावे. फिरण्याची वेळ मोडू देऊ नये; साखळी हातात नसली तरी त्याच रस्त्याने, शेजाऱ्याला सोबत घेऊन जावे. ताटली, पट्टा, अंथरूण पहिल्याच दिवशी फेकू नये आणि घरातल्या कोणाला न विचारता देऊनही टाकू नये. बैल गेलेल्या घराला आषाढातला पहिला बेंदूर जड जातो. त्या दिवशी शिंगांना रंग आणि झूल यांऐवजी काय करायचे, हे आधीच बोलून ठेवलेले बरे.

मागे राहिलेला दुसरा प्राणीही शोधत फिरतो, कमी खातो. त्याचे वेळापत्रक तसेच ठेवावे. मांजराने मात्र दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर तो शोक समजून थांबू नये; उपाशी मांजराच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

शोकाचे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) अनेकदा सांगितले जातात; ते १९६९ मध्ये मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या अनुभवावरून मांडले गेले. तुमचे दुःख त्या क्रमाने गेले नाही म्हणून काही बिघडले असे समजू नये. पण आठवडे उलटूनही झोप, जेवण, कामधंदा सावरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीत बोलता येते आणि ही सेवा चोवीस तास चालू असते. स्वतःला संपवावे असा विचार आला, तर आठवडे मोजत बसू नये. त्याच क्षणी हा क्रमांक लावावा आणि घरातल्या कोणाला तरी जवळ बसवावे.

नवे जनावर आणताना

दुःख झाकण्यासाठी दुसऱ्याच आठवड्यात पिल्लू आणू नये, आणि दुसऱ्याला न विचारता भेट म्हणून तर कधीच आणू नये. पार्व्होने पिल्लू गेले असेल, तर घाई अधिकच महागात पडते: त्याचे विषाणू अंगणात, अंथरुणात, भांड्यांत कित्येक महिने टिकतात. फरशी आणि भांडी ब्लीचने धुवावीत, अंथरूण जाळावे, आणि मातीचे अंगण असल्यास लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू तेथे निदान वर्षभर आणू नये. त्याआधी घर अगदीच खायला उठत असेल, तर सर्व लसी झालेले मोठे कुत्रे दत्तक घेणे अधिक सुरक्षित आहे. त्याला वेगळे नाव द्यावे आणि पहिल्याच आठवड्यात पशुवैद्यकांकडे नेऊन तपासून घ्यावे.