कोकणकड्यावर संध्याकाळचे फोटो कसे काढावेत

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर फोटोसाठी जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. भर पावसात कड्यावर बहुतेक वेळ पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही आणि एप्रिल-मेमध्ये धुरकट हवेत लांबच्या डोंगररांगा पुसून जातात.

वाट पाचनई गावाकडची धरा. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट सुरेख आहे, पण लांब आहे. तंबू, पाणी आणि ट्रायपॉड पाठीवर घेऊन तिथून आलात तर कड्यावर पोचेपर्यंत ऊन उतरलेलं असतं. नळीची वाट, म्हणजे घळीतून चढणारी अवघड वाट, हे ओझं घेऊन चढायची नाहीच. कॅमेऱ्यासोबत एकच लेन्स घ्या, साधी १८-५५ मिमीची झूम लेन्स पुरते. जास्तीची बॅटरी आणि हेडटॉर्च विसरू नका. हा अभयारण्याचा भाग आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन आणू नका.

सूर्यास्ताच्या तासभर आधी कड्यावर पोचा आणि मधोमध उभे राहू नका. कड्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे मावळतीचं ऊन थेट कातळावर पडतं. तरी जो तो सूर्याच्या गोळ्यावर कॅमेरा रोखतो, आणि फोटोत कडा काळाठिक्कर येतो. तो गोळा जुहूच्या किनाऱ्यावरही मिळतो. इथे बघायचा तो कातळ. कडा आत वळलेला असल्यामुळे एका टोकाला गेलात की समोरच्या बाजूचा नागाच्या फण्यासारखा झुकलेला माथा आणि त्याखालची पोकळी एकाच फ्रेममध्ये येते.

सूर्य बुडाला की गर्दी चहाकडे वळते. तुम्ही थांबा. पुढची पंधरा-वीस मिनिटं आभाळ आणि कातळ यांच्या उजेडातला फरक कमी होतो, दोन्ही एका फोटोत नीट मावतात. आणि नेमका इथेच फोटो बिघडतो, कारण वारा. कोकणातून येणारा वारा कातळावर आपटून सरळ वर उसळतो आणि ट्रायपॉड थरथरत राहतो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं छान दिसतं, घरी मोठं करून पाहिलं की कातळाची एकही भेग धारदार नसते. माझं घोडं बराच काळ इथेच अडलं होतं.

याला कारण एक सल्ला, जो सगळीकडे डोळे मिटून दिला जातो: ‘ट्रायपॉड आहे ना, मग आयएसओ १००, एफ/१६ ठेवा.’ आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता आणि एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. कोकणकड्यावर हा सल्ला साफ चुकीचा आहे. सूर्यास्तानंतर पंधराएक मिनिटांनी या सेटिंगवर साधारण ८ सेकंद शटर उघडं राहतं, आणि या वाऱ्यात ८ सेकंद ट्रायपॉड स्थिर राहणं अशक्य. त्याच उजेडात आयएसओ ८०० आणि एफ/५.६ ठेवलं तर १/८ सेकंदात काम होतं. दोन झोतांच्या मध्ये तेवढी उसंत नक्की मिळते. आयएसओ वाढवल्यामुळे फोटोत थोडे दाणे दिसले तर दिसू देत, ते नंतर कमी करता येतात. हललेला फोटो मात्र कशानेही सुधारत नाही. एफ/५.६ वर सगळं फोकसमध्ये येणार नाही ही भीतीही सोडा. १८ मिमीवर तीन-चार मीटर लांबच्या दगडावर फोकस केलात तर दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचाच नाही. पायांचे बारीक खालचे भाग आत ठेवा आणि गुडघे टेकून काम करा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात घाला, तो फडफडला की कॅमेरा हलतो. सॅक ट्रायपॉडला टांगायची असेल तर ती जमिनीला टेकलेली हवी. अधांतरी टांगलेली सॅक झोके घेते आणि सगळंच हलवते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि गालावर वारा मंदावल्याचं जाणवलं की बटण दाबा. एकाच दृश्याचे आठ-दहा फोटो घ्या. प्रत्येक फोटो मोठा करून कातळाची भेग तपासा. गवत तपासू नका, ते हलणारच.

ट्रायपॉड कड्याच्या धारेपासून निदान दोन मीटर आत ठेवा. धारेवर बारीक खडी असते आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून माणूस नकळत पाऊल पुढे टाकतो. जागा बदलायची तर आधी डोळा काढा, टॉर्च लावा, मग हला. खाली वाकून दरी बघायची हौस असेल तर ती दिवसाउजेडी, पालथं झोपून भागवावी, कॅमेरा मागे ठेवून.

फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा. रात्री तंबूत दव धरतं, म्हणून कॅमेरा बंद पिशवीत ठेवा आणि बॅटरी स्लीपिंग बॅगेत घ्या.

सकाळी दरी ढगांनी भरलेली असेल आणि पाठीमागून ऊन आलं असेल तर कड्यावर परत या. समोरच्या ढगावर स्वतःची सावली शोधा. इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्यासारखं रंगीत कडं, उमटलं तर त्या सावलीभोवतीच उमटतं. ते क्षणात विरतं, तेव्हा ट्रायपॉड उघडत बसू नका, हातातच कॅमेरा धरून काढा.