परदेशात मोकळी दुपार मिळाली तर

पुण्याहून निघणाऱ्या युरोप टूरमध्ये एखादी दुपार मोकळी सोडलेली असते. ती मॉलमध्ये घालवू नका. हॉटेलजवळची एखादी छोटी खासगी आर्ट गॅलरी गाठा. बालगंधर्वच्या कलादालनात शिरतो तसंच बिनधास्त आत जायचं. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं आणि काही विकत घ्यायलाच हवं असंही नाही. किमतींची यादी टेबलावर असते, नसली तर मागा. चित्राशेजारी लाल ठिपका दिसला की समजा, ते विकलं गेलंय. तिथल्या माणसाला चित्रकाराबद्दल दोन प्रश्न विचारलेत तर तो बहुधा खुलतो. पुणेरी दुकानदारांची सवय असलेल्यांना हे जरा पचायला जड जाईल!

वार मात्र आधी बघा. खासगी दालनं बऱ्याचदा रविवार-सोमवार बंद असतात. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी. लंडनच्या टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या संग्रहालयाचा कायमस्वरूपी संग्रह फुकट बघता येतो. जुन्या वीजकेंद्राची इमारत आहे ती, निदान टर्बाइन हॉलसाठी तरी जाच. पाठीवरची सॅक पोटाशी घ्या किंवा लॉकरमध्ये ठेवा. प्रिंट घेतलंत तर पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून मागा.