आधी प्रसंग, मग आशय: चित्रपट-मालिकांचे विश्लेषण कसे करावे

चित्रपटावर लिहायला बसले की बहुतेकांचे पहिले वाक्य आशयाविषयी असते: हा चित्रपट एकाकीपणावर आहे, ती मालिका सत्तेच्या मोहावर आहे. वाक्य चुकीचे नसते. पण एकाकीपणावर शेकडो चित्रपट निघाले आहेत आणि त्यांतला हाच मनात का रेंगाळला, हे त्यातून कळत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा.

पहिल्या वेळी चित्रपट नुसता पाहावा, वही उघडू नये. दुसऱ्या दिवशी जो प्रसंग आपोआप आठवेल तो निवडावा, मग तो कथेच्या दृष्टीने किरकोळ का असेना. दोन-तीन मिनिटांचा तो तुकडा आधी आवाज बंद करून पाहावा आणि नंतर पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकावा. वहीत डावीकडे जे दिसले आणि ऐकू आले ते लिहावे, उजवीकडे त्यामुळे जे वाटले ते. डाव्या रकान्यात आधार न सापडणारे उजवीकडचे वाक्य खोडून टाकावे; हे जिवावर येते, पण निम्मे काम इथेच होते.

दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या १९४१ च्या ‘सिटिझन केन’ या चित्रपटातला न्याहारीचा प्रसंग या सरावासाठी उत्तम आहे. वृत्तपत्रांचा मालक केन आणि त्याची पहिली पत्नी एमिली यांचे लग्न कसे विझत गेले, हे तिथे जेमतेम दोन-अडीच मिनिटांत, न्याहारीच्या टेबलाशी घडणाऱ्या काही तुकड्यांतून दिसते. सुरुवातीला दोघे जवळ बसून लाडिक बोलतात. मग कॅमेरा झर्रकन फिरतो, कपडे बदलतात, वय वाढते, वाक्ये तोकडी होतात. बर्नार्ड हरमन यांच्या संगीतातली तीच वॉल्ट्झची, म्हणजे तीन ठोक्यांच्या पाश्चात्त्य नृत्यलयीची, धून प्रत्येक तुकड्यात वेगळा रंग घेते. शेवटी कोणी बोलतच नाही. एमिली प्रतिस्पर्धी वृत्तपत्र वाचत बसली आहे आणि कॅमेरा मागे सरकल्यावर दोघांमधले लांबलचक टेबल दिसते. ‘दुरावा’ हा शब्द कोणीही उच्चारलेला नाही.

व्यक्तिरेखेकडे वळताना चांगली की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवावा. तिला काय हवे आहे, ते मिळवण्यासाठी ती काय पणाला लावते आणि अडचणीत सापडल्यावर काय निवडते, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. याच प्रसंगात लोक काय म्हणतील असे एमिली बोलू लागते, तेव्हा लोक मी सांगेन तेच म्हणतील अशा अर्थाने केन तिला मध्येच तोडतो. त्या एका तोडण्यात त्याचा धंदा आणि त्याचा संसार दोन्ही एकाच स्वभावाचे असल्याचे उघड होते. पात्र स्वतःविषयी जे बोलते त्यावर मात्र फारसा विश्वास ठेवू नये.

यानंतर ही गोष्ट कोण सांगत आहे ते पाहावे, कारण नवखे समीक्षक हीच पायरी गाळतात. न्याहारीची हकिकत केनचा जुना मित्र लीलंड म्हातारपणी एका पत्रकाराला सांगतो, आणि त्या टेबलाशी तो कधी दिसत नाही. मग हे लग्न आपण पाहिले की लीलंडचे त्याविषयीचे मत पाहिले? घटनांचा मूळ क्रम आणि त्या पडद्यावर येण्याचा क्रम कागदावर शेजारी-शेजारी मांडल्यास असे प्रश्न आपसूक पडू लागतात.

मालिकेचे माप वेगळे असते. लेखक आणि दिग्दर्शक भागागणिक बदलू शकतात, त्यामुळे सगळे श्रेय एकाच नावाला देण्याआधी श्रेयनामावली वाचावी. पर्वाचा पहिला आणि शेवटचा भाग लागोपाठ पाहून तीच जागा, तीच सवय किंवा तेच भांडण परत येताना कसे बदलले, याची नोंद ठेवावी.

आता आशयसूत्र. ते एका शब्दात न लिहिता ज्याच्याशी कोणाला असहमत होता येईल अशा पूर्ण वाक्यात लिहावे. ‘सत्ता’ हे सूत्र नव्हे. ‘इतरांच्या मतांवर मालकी सांगणाऱ्याला घरातले माणूसही राखता येत नाही’ हे सूत्र होऊ शकते. त्यानंतर त्या वाक्यात न बसणारा प्रसंग मुद्दाम शोधावा आणि तो सापडल्यास प्रसंगाला मुरड न घालता वाक्य बदलावे.