थिसिससाठी पबमेड: घाबरायचंच तर कंसाला घाबरा

सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसच्या आराखड्याची, तारीख जवळ आली की सगळे गाईडला टरकून असतात. गाईड फार तर ओरडतील. पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर, शोधताना कंस चुकला तर मात्र ओरडायला कुणी नसतं, निकाल निमूटपणे चुकीचे येतात. मी यात पुरती अडकले होते, म्हणून जरा लांबण लावते.

विंचूदंशाचा विषय घ्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं प्राझोसिन या औषधावरचं काम हवंय. तुम्ही लिहिता: प्राझोसिन अँड स्कॉर्पियन स्टिंग ऑर एन्व्हेनोमिंग. (अँड म्हणजे दोन्ही हवेत, ऑर म्हणजे कुठलंही एक चालेल.) पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं. आधी प्राझोसिन आणि विंचू एकत्र, मग त्यात विषबाधेचे झाडून सगळे पेपर: साप, कोळी, जेलीफिश. वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या सूचीतही तेच, कारण तिथे अँड आधी सुटतो. स्कोपस ही तिसरी सूची ऑर आधी सोडवते, त्यामुळे तिथे नेमकं बरोबर येतं! आता प्राझोसिन शेवटी टाका. पबमेड सुधारतं, वेब ऑफ सायन्स सगळे विंचू ओतून मोकळं होतं. तेव्हा ऑरने जोडलेलं सगळं कंसात, एकच ऑर असला तरी.

आणि ऑर लागतातच. आपला लाल विंचू जुन्या पेपरांत ब्युथस टॅम्युलस, बावस्करांच्या २०११च्या बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातल्या चाचणीत मेसोब्युथस, आता होटेन्टोटा. तिन्ही घ्या.

मेश टर्म, म्हणजे पेपरला लावलेलं ठरावीक विषयाचं लेबल, वापरा, पण नुसत्या मेशवर विसंबू नका. अगदी ताज्या पेपरांना ते लेबल लागलेलं नसतं, म्हणून शीर्षक-सारांशातले शब्दही ऑरने जोडा. शब्दाला अवतरणचिन्हं किंवा तारा (*) लावलात की पबमेड स्वतःहून समानार्थी शब्द शोधणं थांबवतं. ॲडव्हान्स्डमध्ये डीटेल्स उघडलं की त्याने तुमच्या ओळीचं काय केलं ते दिसतं. ते न बघता पुढे जाऊ नका.

सीनियरची शोध-ओळ उचलू नका. त्यानेही कुणाची तरी उचललेली असते. चॅटबॉटने दिलेले संदर्भ तर एकेक तपासल्याशिवाय मुळीच नकोत. माझ्या मते कॉलेजातला सगळ्यात दुर्लक्षित गुरू म्हणजे ग्रंथपाल. अर्धा तास मागा, बहुतेक वेळा आनंदाने देतात.

पहिल्या फटक्यात हजारो निकाल आले तर हातपाय गाळू नका, सगळ्यांचंच तसं होतं. दोन-तीन बैठकांत हात बसतो. फक्त पबमेडची हिस्ट्री आठ तास हात लावला नाही की पुसली जाते. झोपण्याआधी पूर्ण ओळ, तारीख आणि निकालांचा आकडा वर्डमध्ये चिकटवून ठेवा. थिसिसच्या मेथड्स या भागात तेच लिहायचंय.