डेस्कटॉपवरचा फोल्डर डिलीट होत नाही?

परवा इंदूरला, रामबागेत मावशीकडे हेच झालं. मुंजीच्या फोटोंचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन झाला, पण डेस्कटॉपवरून तो काही केल्या जाईना. डिलीट दाबलं की विंडोजचं एकच पालुपद: फोल्डर दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आहे. मावशी वैतागली, "अरे, सगळं बंद केलंय मी!"

सगळं बंद नव्हतं. मुंजीचा व्हिडिओ प्लेअरमध्ये अर्ध्यावर थांबलेला होता, खाली टास्कबारवर बारीक होऊन बसलेला. तो बंद केला, फोल्डर गेला.

दरवेळी चोर इतक्या सहज सापडत नाही. तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समधून रिसोर्स मॉनिटरमध्ये जा. तिथे सीपीयू टॅबवर 'असोसिएटेड हँडल्स'समोरच्या चौकटीत फोल्डरचं नाव टाका. कोणत्या प्रोग्रामनं तो धरून ठेवलाय, ते नावानिशी दिसतं. काम सेव्ह करून तो प्रोग्राम बंद करा. विंडोजच्या स्वतःच्या प्रोसेसना मात्र हात लावू नका, त्यापेक्षा सरळ रीस्टार्ट करा.

नाव फार लांब असल्याची तक्रार आली, तर फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असं झालेलं असतं. पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हपासून आतल्या फाइलपर्यंतची सगळी नावं मिळून, साधारण 260 अक्षरांपुढे गेला की विंडोज अडतं. बाहेरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करा, मग डिलीट करा.

आणि 'आयटम सापडत नाही' म्हणत असेल, तर आधी एफ 5 दाबून बघा. कधीकधी फोल्डर केव्हाच गेलेला असतो, नुसतं चित्र उरलेलं असतं.