‘किती महिने?’ विचारण्याआधी या चुका टाळा

मावशीला स्तनाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोहोचलेला. मे महिन्यात तिला रावेरहून जळगावला किमोसाठी नेलं. एसटीत दीड-दोन तास, पुढे रांग, पारा ४४ वर. डॉक्टरांसमोर गेली तेव्हा व्हीलचेअरवर मान टाकून बसलेली. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘पीएस ३’. पीएस म्हणजे परफॉर्मन्स स्टेटस, रुग्ण किती हिंडता-फिरता आहे याचा आकडा. ३ म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात किंवा खुर्चीत. आणि हीच बाई आदल्या दिवशी घरी कळण्याच्या भाकरी थापत होती!

० म्हणजे धडधाकट, ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. आयुष्याचा अंदाज आणि किमो झेपेल का, दोन्ही या आकड्यावर बरंच अवलंबून असतं. चूक आमची होती, घरचा दिवस आम्ही सांगितलाच नाही. किती वाजता उठते, आंघोळ स्वतः करते का, दुपारी किती वेळ आडवी असते, हे आठवडाभर वहीत टिपून न्या. उलटंही होतं. ठेवणीतलं लुगडं नेसून ‘बरं शे’ म्हणणाऱ्या बायाही मी पाहिल्यात, त्यांच्या बाबतीत अंदाज भलताच वर जातो.

दुसरी चूक पिशवीतली. आम्ही ताजा सीटी स्कॅन नेला, जुनी बायोप्सी कपाटातच राहिली. त्या रिपोर्टवर ‘हर-टू २+’ होतं. हर-टू हे कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन, ते जास्त असेल तर त्यावरची खास औषधं देता येतात. २+ हे धड होही नाही, धड नाहीही नाही. फिश ही त्याच गाठीच्या तुकड्यावरची जनुकाची तपासणी करूनच उलगडा होतो. ती कुणी केलीच नव्हती, आणि चार महिने सगळे ‘निगेटिव्ह’ धरून चालले होते. हा फरक किरकोळ नाही. हर-टू पॉझिटिव्ह रुग्णांवरच्या ‘क्लिओपात्रा’ नावाच्या औषध-चाचणीत ट्रास्टुझुमॅब आणि डोसिटॅक्सेल या औषधांच्या जोडीला पर्टुझुमॅब हे आणखी एक औषध दिल्यावर जगण्याचा मध्यांक (निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगतात तो आकडा) ४०.८ वरून ५६.५ महिन्यांवर गेला. आजार काही वर्षांनी उलटला असेल, तर नव्या गाठीची बायोप्सी पुन्हा करायची का, हेही विचारा. रिसेप्टर, म्हणजे हर-टूसारख्या पेशींवरच्या खुणा, बदललेले असू शकतात.

सीए १५-३ हा रक्तातला कॅन्सरचा मार्कर वाढला म्हणून लगेच हाय खाऊ नका. नवी किमो सुरू झाल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत तो उगाचही चढतो. आणि एक तपासणी भुसावळच्या लॅबची, दुसरी मुंबईची, अशी तुलना तर करूच नका.

आता डॉक्टर सांगतात तो महिन्यांचा आकडा. ‘१२ महिने’ हा मध्यांक असेल तर निम्मे रुग्ण त्याआधी जातात, निम्मे त्यापुढे जगतात. आमच्या घरी मात्र कुणीतरी कॅलेंडरवर खूण करून मोकळं झालं. ढोबळ हिशेब असा: साधारण निम्म्या रुग्णांचं आयुष्य मध्यांकाच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंत असतं, म्हणजे ६ ते २४ महिने. दहातला एखादा ३ महिन्यांतच जातो, एखादा ३६च्याही पुढे जातो. म्हणून डॉक्टरांना ‘बरं गेलं तर किती, वाईट गेलं तर किती’ असं विचारावं. किमोच्या दोन-तीन सायकलनंतरचा स्कॅन आला की हाच प्रश्न पुन्हा विचारायचा.

हे विचारायला आम्ही मावशीला बाहेर बाकावर बसवत होतो. ती उठलीच नाही. म्हणाली, ‘जीव मना शे, मनासमोर इचारा.’